पवनेचा वळसा: आधी पौड, मग कामशेत

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, कोथरूडला वनाजजवळ राहते आणि बँकेत नोकरी करते. गेली तीन वर्षे गिअरच्या हायब्रिड सायकलवर रोज पंधरा किलोमीटर फिरते. एका दिवसात सर्वांत जास्त ५५ किलोमीटर केले आहेत. पावसाळा संपला की माझी वीस वर्षांची मुलगी, बँकेतली एक मैत्रीण आणि मी अशा तिघींनी पवना धरणाच्या जलाशयापर्यंत जाऊन यावे असे मनात आहे. मात्र गेलो त्याच रस्त्याने परत यायचे नाही, वळसा घालून यायचे आहे. मुलीचे म्हणणे असे, की अंधारातच निघावे, तळ्यावर सूर्योदय पाहावा आणि दुधिवरे खिंडीतून लोणावळ्यावरून परतावे. मैत्रीण म्हणते, की महामार्गाचा कंटाळवाणा भाग सकाळीच उरकून पौडमार्गे घरी यावे. माझे यजमान गाडी घेऊन मागोमाग येणार म्हणतात. मोबाइलने सुचवलेल्या मार्गावर माझा विश्वास बसत नाही, आणि माझ्यामुळे दोघींचा खोळंबा होईल ही भीती वेगळीच. मार्ग कसा आखावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही वळसा घालून यायचे ठरवले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. आल्या रस्त्याने परतताना प्रत्येक चढ आधीच ठाऊक असतो आणि थकलेल्या पायांना तो दुप्पट वाटतो. वळशात मात्र शेवटच्या किलोमीटरपर्यंत डोळ्यांना काही नवे मिळत राहते. पण वळशाची एक अडचण आहे, आणि तुमच्या पत्रातल्या तिन्ही बेतांमध्ये ती नजरेतून सुटली आहे. जाऊन-येऊन करायच्या मार्गावर कुठूनही मागे फिरता येते. वळशात अर्धे अंतर ओलांडले, की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते. म्हणून ज्या भागात मदत, वाहन आणि वस्ती कमी आहे तो भाग अंगात ताकद असताना पार व्हावा, आणि शक्ती ओसरल्यावर येणारा भाग कुठेही सोडून देता येईल असा असावा. तुमच्यासाठी दिशा ठरवताना मी हाच निकष लावला आहे.

त्यानुसार तुम्ही वनाजहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असे पश्चिमेला जावे. पौडला उजवीकडे वळून कोळवण, हाडशी, जवण या गावांवरून तिकोना पेठेला उतरावे. जलाशय डाव्या हाताला ठेवत पवनानगर म्हणजे काले कॉलनी गाठावी. तिथून कामशेत, आणि मग जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने वडगाव, तळेगाव, देहूरोड, निगडी असे पिंपरीपर्यंत यावे. ढोबळ मानाने वनाज ते पौड २५ किलोमीटर, पौड ते कोळवण १०, तिथून पवनानगर २०, पवनानगर ते कामशेत १५ आणि कामशेत ते पिंपरी ३३ धरा. एकूण शंभराच्या किंचित वर जाते.

हा वळसा पिंपरीला संपवण्याचे कारण मेट्रो आहे. पुणे मेट्रोत सायकल नेता येते. पिंपरी-चिंचवड महापालिका स्थानकात गाडीत चढून जिल्हा न्यायालय स्थानकात बदलली, की तुम्ही थेट वनाजला उतरता. दिवसभर सायकल चालवून आल्यावर दुपारी दापोडी, शिवाजीनगर आणि कर्वे रस्त्याच्या रहदारीत शिरण्यात कसलाही पराक्रम नाही. गर्दीची वेळ टाळा आणि सायकलीसंबंधीचा नियम दोन दिवस आधी स्थानकावर विचारून घ्या.

कामशेतपासून पुढे रस्त्याच्या सोबतीने लोणावळा-पुणे लोहमार्ग धावतो आणि कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड अशी स्थानके पाठोपाठ येतात. दवाखाने, औषधांची दुकाने, सायकल बसेल एवढे टेम्पो हे सगळे याच पट्ट्यात आहे. याउलट कोळवण ते पवनानगर या वीस किलोमीटरमध्ये यातले फारसे काही नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बेताप्रमाणे उलटे गेलात, तर हा निर्जन भाग ऐन उन्हात येईल आणि त्यानंतर परतीला पिरंगुटचा घाट चढावा लागेल. जाताना हाच घाट उतार असतो. मी स्वतः एकदा तसा उलटा गेलो होतो. रविवारची दुपार होती, मुळशी-ताम्हिणीकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, बाटलीतले पाणी संपले होते आणि घाटाच्या मध्यावर मी कठड्याशी सायकल टेकवून अर्धा तास नुसता बसून राहिलो होतो. तो दिवस आठवला, की दिशेच्या बाबतीत तडजोड करू नये असेच वाटते.

उन्हाचा हिशेबही याच दिशेच्या बाजूने आहे. सकाळी पश्चिमेला जाताना सूर्य पाठीशी असतो आणि दुपारी पूर्वेला परतताना तो पुन्हा पाठीशी येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा: सूर्य वर येत असताना समोरून येणाऱ्या चालकांच्या डोळ्यांवर ऊन असते, त्यामुळे त्यांना तुम्ही दिसला आहात असे गृहीत धरू नका. या दिशेत उणीव आहे ती उजव्या वळणांची. पौडला आणि कामशेतला तुम्हाला रस्ता ओलांडून उजवीकडे जायचे आहे. दोन्ही ठिकाणी सायकलवरून खाली उतरा आणि सायकल हातात धरून, पादचाऱ्यासारखा रस्ता ओलांडा. दोन मिनिटे जातील, एवढेच.

आता तुमच्या कन्येच्या बेताविषयी. तळ्यावर सूर्योदय पाहायचा, तर पिरंगुटचा घाट आणि हाडशीपुढची खिंड अंधारात पार करावी लागेल. पावसाळ्यानंतर घाटातल्या वळणांवर खडी साचलेली असते, कडेचे डांबर तुटलेले असते, आणि सायकलच्या दिव्यात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेले असते. तळ्यावर सूर्योदयच पाहायचा असेल, तर आदल्या रात्री तिथे मुक्काम करावा; तो स्वतंत्र बेत होईल. दुधिवरे खिंडीचा रस्ता देखणा आहे यात शंका नाही. जलाशयाच्या काठाने पुढे जाऊन तो लोणावळ्याच्या बाजूला चढतो, लोहगड-विसापूर अगदी जवळून दिसतात. पण तो चढ या वळशातल्या कुठल्याही चढापेक्षा कठीण आहे, तो चढून गेल्यावर सुटीच्या दिवशी लोणावळ्याची गर्दी पुढ्यात येते, आणि महामार्गावरचे अंतरही वाढते. शंभर किलोमीटर एकदा अंगवळणी पडल्यावर, पुढच्या वर्षी तिने तो जरूर आखावा.

मोबाइलवर विश्वास ठेवला नाही हे योग्यच केले. नकाशा दुचाकीचा मार्ग सुचवतो तेव्हा तो खाजगी वसाहतीतला कच्चा रस्ताही जवळचा म्हणून दाखवतो, आणि गाडीचा मार्ग विचारला तर द्रुतगती मार्गावर नेऊ पाहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला, किंबहुना कोणत्याही दुचाकीला, मनाई आहे. तुमचा रस्ता कामशेतच्या आसपास त्याच्या जवळून जातो, तेव्हा तिथे पाट्या वाचूनच पुढे जा. फोनचा उपयोग आपण कुठे आहोत हे पाहण्यापुरता करा. गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून खिशात ठेवा. खिंडीच्या परिसरात नेटवर्क गेले तरी ‘हाडशी कुठे, जवण कुठे’ एवढे विचारता आले म्हणजे पुरे.

दिवस कोणता निवडावा, यात तुमच्या नोकरीचा मोठा फायदा आहे. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते आणि पवनेसाठी शनिवारची सकाळ रविवारपेक्षा कितीतरी चांगली. तंबूत मुक्काम करायला येणारे पर्यटक शनिवारी दुपारनंतर येऊ लागतात आणि रविवारी सकाळी परततात. रविवारी तुम्ही पवनानगर-कामशेत रस्त्यावर असाल तेव्हा तेही नेमके त्याच रस्त्यावर असतील. शनिवारी तुम्ही तळे सोडाल तेव्हा ते अजून घरून निघालेलेही नसतील. पिरंगुटच्या कारखान्यांच्या बस शनिवारी सकाळीही धावतात, म्हणून तेवढा पट्टा लवकर मागे टाका. ऑक्टोबरचा चौथा किंवा नोव्हेंबरचा दुसरा शनिवार धरा, पण तो दिवाळीच्या सुटीत येत नाही एवढे पाहा. त्या सुमारास जलाशय भरलेला असतो, उतारांवर सोनकीची पिवळाई कदाचित थोडी शिल्लक असते आणि मुळशी-मावळच्या खाचरांत भात पिवळा पडून कापणीला आलेला असतो. कोळवणच्या खोऱ्यात भल्या सकाळी त्या भाताचा वास येतो, आणि केवळ त्यासाठीही मी हा रस्ता पुन्हा चालवीन.

सकाळी सहाला वनाजहून निघा. ऑक्टोबरअखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. तोवर मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा लावलेला असू द्या. सुरुवातीलाच चांदणी चौकाचा चढ आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथला नवा पूल आणि त्याचे फाटे सुरू झाल्यापासून मुळशीकडे नेमके कोणत्या मार्गिकेने जायचे याचा नवख्या माणसाचा गोंधळ होतो आणि चुकून महामार्गावर उतरले, तर सायकल घेऊन परत येणे अवघड जाते. आधीच्या एखाद्या सकाळी तेवढाच तीन-चार किलोमीटरचा भाग जाऊन पाहून या. पौडला पावणेआठपर्यंत पोहोचाल. तिथे पोहे, चहा आणि बाटल्या भरून घेणे. पौडनंतर कोकणाकडे जाणारी वाहने सरळ ताम्हिणीच्या दिशेने निघून जातात आणि कोळवणच्या रस्त्यावर एकाएकी शांतता येते.

हाडशीच्या विठ्ठल मंदिराच्या परिसरानंतर खरा चढ लागतो. तो फार लांब नाही, पण काही टप्प्यांत तीव्र आहे. पुढचे लहान चाक आणि मागचे मोठे चाक असा सर्वांत हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका, कारण पायांवर जोर असताना गिअर बदलला तर साखळी निसटते. उतरून ढकलत गेलात तरी काही बिघडत नाही. खिंडीत ढकलत जाणारे अनुभवी सायकलस्वार मी पुष्कळ पाहिले आहेत. ही खिंड म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. तुमच्या मागचे पाणी मुळेकडे जाते आणि पुढचे पवनेकडे. पवना पुढे दापोडीजवळ मुळेला मिळते. पवनानगरहून कामशेतला जाताना आणखी एक डोंगररांग ओलांडून तुम्ही इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरता. एका दिवसात, स्वतःच्या पायांच्या बळावर, तीन नद्यांची खोरी बदलणे मला या वळशातले सर्वांत सुंदर वाटते. धरणातून सोडलेले पवनेचे पाणी रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते, म्हणजे दुपारी पिंपरीत तुम्ही ज्या नळाखाली तोंड धुवाल त्यातून येणारे पाणी सकाळी तुम्ही पाहिलेल्या तळ्याचेच असेल.

तिकोना पेठेच्या आसपास तुम्ही दहाच्या सुमारास पोहोचाल. या दिशेने आल्यामुळे जलाशय डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला राहतो, आणि थांबण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही. तिकोना डोक्यावर उभा असतो, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका दिसतो आणि उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी. इथे पाऊण तास बसा. घाई करू नका. पाण्यात मात्र पाय सोडून बसण्यापलीकडे जाऊ नका. पवनेत पोहायला उतरलेले तरुण बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. काठ उथळ वाटतो आणि पुढच्याच पावलाला खोली लागते, शिवाय तळाला गाळ असतो. केळ्यांच्या साली आणि कागद परत पिशवीत घाला. काठाची पुष्कळ जमीन लोकांची शेती आहे, तेव्हा बांध ओलांडून छायाचित्रासाठी आत जायचे असेल तर तिथल्या माणसाला विचारा. कामशेतच्या वाटेवर बेडसे लेण्यांची पाटी दिसेल. तिथे सुमारे चारशे पायऱ्या आहेत, आणि त्या दिवशी त्या चढायच्या नाहीत, हे घरूनच ठरवून निघा.

कामशेतला सव्वाबारापर्यंत पोहोचून जेवा, पण अर्धपोटी. पुढचा महामार्ग रुंद आहे आणि वाहने वेगात असतात. तिथे तिघींनी एकामागे एक, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहून चालवावे. सोमाटणे आणि देहूरोडच्या परिसरात जिथे वाहने डावीकडे वळतात, तिथे मागे वळून पाहिल्याशिवाय सरळ जाऊ नका. हा भाग सुंदर नाही. महामार्गाचा आणखी थोडा भाग टाळायचा असेल, तर पवनानगरहून पवनेच्या खोऱ्यातूनच बेबडओहोळ करत सोमाटण्याला निघणारा रस्ताही आहे. पण पहिल्या खेपेला कामशेतचे गाव आणि स्थानक हाताशी असावे असे मला वाटते.

पूर्वतयारीसाठी सहा आठवडे हाताशी ठेवा. ५५ किलोमीटर जमलेल्या व्यक्तीला शंभर जमतात, मात्र मध्ये एकदा सत्तर आणि एकदा पंच्याऐंशी झालेले असावेत, आणि त्यातले एक तरी चढाचे असावे. शेवटच्या आठवड्यात हलकेच फिरा. प्रत्येकीजवळ दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत मीठ-साखर किंवा ओआरएस, आणि दर पाऊण तासाला थोडे खाणे: केळे, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. भूक लागल्यावर खाल्लेले अंगी लागेपर्यंत वेळ जातो, म्हणून भुकेची वाट पाहू नका. तिघींत मिळून दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हातपंप आणि ॲलन कीचा संच असावा. मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव घरी एकदा तरी, तोही तुमच्या कन्येने नव्हे तर तुम्ही स्वतः, केलेला असावा. हेल्मेटविषयी वेगळे सांगायला नको.

खोळंबा होण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, तिच्यावर उपाय म्हणून तुम्हीच पुढे राहा. सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती पुढे असली की तिघींचा वेग तिच्या श्वासाप्रमाणे ठरतो आणि कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. मागे राहिली की ती सतत धापा टाकत दुसऱ्यांना गाठत राहते आणि दोघी विश्रांती घेऊन उठतात नेमक्या त्याच वेळी ती पोहोचते. खिंडीत कन्येला मोकळेपणाने पुढे जाऊ द्या, तिने माथ्यावर थांबावे. आणि परत फिरायची वेळ आधीच ठरवा. सव्वानऊपर्यंत कोळवण गाठले नाही, तर काहीही चर्चा न करता तिथूनच पौडमार्गे मागे यायचे. तेव्हाही सत्तर किलोमीटर झालेले असतील, आणि वळसा पुढच्या महिन्याच्या शनिवारी तिथेच असेल.

राहिला प्रश्न यजमानांच्या गाडीचा. त्यांची काळजी मला समजते, पण सायकलींच्या मागे पंधराच्या वेगाने चालणारी गाडी अरुंद रस्त्यावर मागच्या वाहनांना अडवते, ती वैतागून एकदम पुढे काढतात आणि त्यांचा कट तुम्हाला बसतो. त्यांची खरी मदत दोन जागी होईल. आधीच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी गाडीने पौड ते कामशेत एवढा भाग एकदा पाहून यावा. खिंडीतला रस्ता पावसाने कुठे खचला आहे, पाणी मिळेल अशी दुकाने कुठे आहेत आणि ती शनिवारी किती वाजता उघडतात, हे टिपून घ्यावे. प्रत्यक्ष दिवशी त्यांनी घरून निवांत निघून बारापर्यंत कामशेतला, स्थानकाजवळ थांबावे. फोन लागत नसला तरी तुम्ही तिथे येणार हे त्यांना माहीत असेल, आणि दीडपर्यंत तुम्ही आला नाहीत तर त्यांनी पवनानगरच्या दिशेने गाडी काढावी. गाडीत सायकलींची चाके काढून ठेवण्याइतकी जागा आणि एक जाड चादर असू द्या. कामशेतला पोहोचल्यावर ज्या कुणाला पुढचा महामार्ग नको असेल तिने सायकल गाडीत घालावी आणि उरलेल्यांनी पिंपरीची मेट्रो गाठावी.